पाट्याचा पीळ आणि चाकाची पकड

अमेरिकेत एखाद्या तळ्याकाठी उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी हे दृश्य पाहायला मिळतं. काँक्रीटच्या ओल्या उतारावर पिकअप ट्रक उभा आहे, मागे ट्रेलर, आणि ट्रेलरवर पाण्यातून नुकतीच ओढून घेतलेली बोट. चालक ॲक्सिलरेटर दाबतो. मागची चाकं क्षणभर जमीन धरतात, मग सुटतात, पुन्हा धरतात, पुन्हा सुटतात, आणि ट्रकचं मागचं अंग थडथड उडायला लागतं. चालक दचकून पाय काढतो. आत बसलेल्यांना वाटतं, काहीतरी तुटलं. पहिल्या वेळी सहसा काही तुटत नाही. पण ही थडथड वारंवार होऊ दिली तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो, शॉकचं ब्रॅकेट फाटतं, कधी मेन पाटाच मोडतो.

तिकडचे लोक या थडथडीला 'व्हील हॉप' म्हणतात. बरेच जण दोष टायरला देतात, काही जण इंजिनाच्या जोराला. तिचं मूळ मात्र बहुधा मागच्या कमानपाट्यांत असतं. ती थांबवण्यासाठी बाजारात 'ट्रॅक्शन बार' या एका नावाखाली निरनिराळी उपकरणं मिळतात. काही पाव मैलाच्या शर्यतीत धावणाऱ्यांसाठी बनलेली, काही दगडधोंड्यांतून गाडी नेणाऱ्यांसाठी, काही जड ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी. दिसायला सगळे लोखंडी दांडेच, त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं. आपल्याकडे बोलेरो, जिप्सी, मालवाहू पिकअप, दहाचाकी ट्रक अशा किती तरी गाड्या पाट्यांवरच चालतात. म्हणून हा विषय आपल्यालाही परका नाही.

उपकरणांची नावं पाठ करून निवड करता येत नाही. पाटा मुळात काय काय करतो हे कळलं, की निवड निम्मी झालीच म्हणून समजा.

एक गडी, चार कामं

मागचा पाटा म्हणजे पडेल ते काम करणारा गडी आहे. गाडीचं आणि मालाचं वजन तो झेलतो, हे त्याचं पहिलं काम. ॲक्सल पुढेमागे सरकू न देणं हे दुसरं. वळणावर ॲक्सल आडवा सरकू न देणं हे तिसरं. ही तिन्ही कामं तो चांगली करतो. चौथं काम मात्र त्याच्या प्रकृतीला मानवत नाही, आणि ते म्हणजे इंजिनाचा पीळ सोसणं.

चाक पुढे फिरवायचं तर ते फिरवणाऱ्या ॲक्सलच्या घराला तेवढाच उलटा जोर बसतो. चाक पुढे फिरू पाहतं तेव्हा घर मागे फिरू पाहतं, म्हणजे डिफरन्शियलचं पुढचं नाक, जिथे पिनियन असतो, ते वर उचललं जातं. त्याला अडवायला पाट्यांखेरीज कुणीच नसतं.

पूर्वी हे काम दुसऱ्याकडे होतं. फोर्डच्या मोटारींत, मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत, प्रोपेलर शाफ्टभोवती एक भक्कम पोलादी नळी असे. ती मागे डिफरन्शियलला पक्की जोडलेली असे, आणि ॲक्सलचा सगळा पीळ तीच अंगावर घेई. १९४९च्या मोटारींपासून फोर्डने ती नळी सोडली आणि उघडा शाफ्ट व दोन लांब पाटे ही रचना घेतली. फ्रान्समधल्या हॉचकिस कंपनीच्या नावावरून तिला 'हॉचकिस ड्राइव्ह' म्हणतात. ही रचना हलकी, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. ट्रकमध्ये ती आजही टिकून आहे ती याच गुणांमुळे. पण नळी गेली तेव्हा तिचं काम पाट्याच्या गळ्यात पडलं. आजचे सगळे ट्रॅक्शन बार हे त्या गेलेल्या नळीचे बदली कामगार आहेत.

हा पीळ डोळ्यांनी पाहायचा असेल तर घरी एक प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. तिच्या बरोबर मधोमध कपडे वाळत घालायचा चिमटा उभा लावा. पट्टीची दोन्ही टोकं कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, आणि चिमट्याचं वरचं टोक एका बाजूला झुकवा. पट्टीचा एक अर्धा भाग वर फुगतो, दुसरा खाली दबतो, आणि सरळ पट्टीचं लांबट नागमोडी वळण होतं. आता चिमटा एकदम सोडा. तो जागेवर शांत येत नाही, थरथरत येतो. ट्रकखाली हेच घडतं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर वाकतो, मागचा खाली जातो. पीळ वाढत जातो तोवर टायर रस्ता धरून असतो. टायर सुटला की पीळ एकदम मोकळा होतो, ॲक्सल झटक्याने परत येतो, चाक जमिनीवर आपटतं, पुन्हा पकडतं, आणि पुन्हा पीळ भरायला लागतो. एका सेकंदात हे अनेकदा होतं. तीच ती थडथड.

पीळ केवढा असतो?

आकडे मांडले की पाट्याची दया येते. फोर्डने १९९९ ते २००४ या काळात एफ-१५० या पिकअपचा 'लाइटनिंग' नावाचा वेगवान अवतार विकला. मागे पाटेच होते. २००१ पासूनच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ६१० न्यूटन-मीटर, पहिला गिअर २.७१ आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३. तिन्हींचा गुणाकार केला की ॲक्सलवर सुमारे ६,१६० न्यूटन-मीटर येतात. टॉर्क कन्व्हर्टर गाडी सुटताना आणखी भर घालतो, ती वेगळी. साध्या भाषेत, एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सव्वासहाशे किलो वजन टांगलं तर दांड्याच्या मुळाशी जेवढा पीळ बसेल, तेवढा हा आहे.

हा पूर्ण जोर जमिनीवर उतरेलच असं नाही, कारण टायरची पकड संपली की चाक घसरतं. रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं आणि मागचे पाटे मात्र भरलेल्या हौद्याच्या हिशेबाने कडक केलेले असतात. म्हणून रिकामा ट्रक जास्त उडतो, आणि हौद्यात थोडा माल टाकला की शांत होतो.

एक गोष्ट गाडी उंच करणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावी. पाटा ॲक्सलच्या वर बसलेला असेल, तर त्याच्यावर येणारा पीळ म्हणजे टायर जमिनीला देत असलेला रेटा गुणिले जमिनीपासून पाट्यापर्यंतची उंची. ही उंची ४५ सेंटिमीटर आहे असं धरा. मागचं अंग उंच करायला ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये १० सेंटिमीटरचा लोखंडी ठोकळा घातला, की ती ५५ होते. इंजिन तेच, टायर तेच, पण पाट्यावरचा पीळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. ठोकळा घातल्यावर गाडी उडायला लागली अशी तक्रार करणारे खोटं बोलत नसतात. हिशेबच तसा आहे. उलट, पाटा ॲक्सलच्या खाली बांधलेला असेल तर ही उंची कमी भरते आणि पीळही कमी होतो.

आधी रोग ओळखा

मागची चाकं रस्ता धरत नाहीत अशी तक्रार आली की लगेच बार मागवू नये. चाक एकाच बाजूचं फिरत असेल आणि दुसरं उभं असेल, तर तो पाट्याचा दोष नाही, साध्या डिफरन्शियलचा आहे. त्याला लिमिटेड-स्लिप किंवा लॉकर हा उपाय आहे, बार नाही. चाकं दोन्ही फिरतात, पण न उडता गुळगुळीत घसरतात, तर टायर बदला किंवा हौद्यात वजन टाका. गाडी मुळीच उडत नसेल, फक्त मागे बसते आणि पुढून उचलते, तर तो वजनाच्या सरकण्याचा भाग आहे. त्याची चिकित्सा शर्यतीच्या मैदानापुरती.

खरोखर पीळच आहे का, हे पाहायला मोठं यंत्र लागत नाही. डिफरन्शियलच्या नाकावर बाजूने खडूने एक आडवी रेघ ओढा. गाडी मोकळ्या जागेत न्या. एका माणसाला गाडीच्या बाजूला, चाकाच्या रेषेपासून पाच-सहा हात लांब उभं करून मोबाइलवर सावकाश गतीचं चित्रण करायला सांगा, आणि गाडी जोरात सोडा. रेघ पुढून वर झुकते आणि झटक्याने परत येते असं दिसलं, तर रोग सापडला.

तरीही खिशात हात घालण्याआधी गाडीखाली जा. यू-बोल्ट सैल आहेत का, सेंटर बोल्ट कापला गेला आहे का, पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल वळशातला, बुश झिजला आहे का, शॉक मेले आहेत का, एखादा पाटा चिरला आहे का, हे सगळं पाहा. सैल यू-बोल्टवर बसवलेला महागडा बार म्हणजे मोडक्या दाराला नवीन कुलूप. आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांत मागून थडथड आली तर यातलंच काहीतरी निघण्याची शक्यता सर्वांत जास्त.

उपकरणं आणि त्यांचा स्वभाव

सर्वांत साधा उपाय कारखान्यांनीच आधी वापरला. शेव्हरोलेने १९६७ मध्ये कमारो ही मोटार आणली तेव्हा तिच्या मागे एकेरी पाटे होते, आणि जोरदार इंजिनाच्या गाड्या थडथडू लागल्या. त्या वर्षी काही गाड्यांना उजव्या बाजूला एक दांडा देण्यात आला. १९६८ पासून शॉकची मांडणी बदलली: एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे. दोन्ही शॉक एकाच बाजूला असले तर ॲक्सल फिरताना ते सारखेच हलतात. एक पुढे आणि एक मागे असला की ते फिरण्यालाही विरोध करतात. ही युक्ती आजच्या अनेक पिकअपमध्ये दिसते. याच जातीतला दुसरा उपाय म्हणजे पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला क्लिपांनी घट्ट आवळणं. पुढचा भाग कडक होतो, मागचा मोकळा राहतो, आणि खर्च नगण्य. हलका पीळ यानेच थांबतो.

क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी हीच कल्पना पुढे नेली. त्यांच्या शर्यतीच्या 'सुपर स्टॉक' पाट्यांचा पुढचा भाग आखूड आणि कडक, मागचा लांब आणि नरम. डाव्या-उजव्या पाट्यांची घडणही वेगळी, कारण शाफ्टच्या पिळामुळे उजवं मागचं चाक हलकं होऊ पाहतं आणि त्याला खाली दाबून ठेवावं लागतं. त्याच्या जोडीला डिफरन्शियलच्या नाकावर एक रबरी ठेपा, म्हणजे 'पिनियन स्नबर', दिलेला असे. नाक वर आलं की तो गाडीच्या तळाला टेकून त्याला अडवतो.

यानंतर 'स्लॅपर बार' येतात. ॲक्सलच्या जागी पाट्याखाली घट्ट बांधलेला दांडा पुढे पाट्याच्या डोळ्यापर्यंत येतो आणि त्याच्या टोकाला रबराचा ठेपा असतो. ॲक्सल फिरला की ठेपा डोळ्याखाली आपटतो आणि फिरणं तिथेच थांबतं. १९६५च्या शेल्बी जीटी-३५० मस्टँगला कारखान्यातूनच ट्रॅक्शन बार दिलेले होते, इतकी ही युक्ती त्या काळी रुळली होती. बार स्वस्त आहेत, तासाभरात बसतात, पण ठेपा बरोबर डोळ्याखाली आला पाहिजे. तो मागे, नुसत्या पाट्याखाली आला, तर दांडा पाट्यालाच मधून वाकवतो. शिवाय हा दांडा गाडीच्या पोटाखाली लोंबतो, आणि तो फक्त पुढे जाताना काम करतो. ब्रेक मारल्यावर ॲक्सल उलट्या दिशेने फिरतो, तेव्हा हा दांडा काही करत नाही.

कॅलिफोर्नियातले शर्यतपटू जॉन काल्व्हर्ट यांनी यातली उणीव हेरून 'काल्ट्रॅक' बार बनवला. त्यात दांडा ॲक्सलच्या खालच्या टोकापासून पुढच्या डोळ्याजवळच्या एका फिरत्या त्रिकोणी पट्टीपर्यंत जातो. डिफरन्शियलचं नाक वर जातं तेव्हा ॲक्सलचं खालचं टोक पुढे सरकतं, दांडा पट्टीला पुढे रेटतो, पट्टी फिरते आणि पाट्याचा पुढचा भाग खाली दाबते. जो पीळ पाट्याला वर वाकवत होता, त्याच पिळाने आता पाटा सरळ राखला. ही योजना मला या सगळ्यांत सर्वांत सुंदर वाटते, कारण ती शत्रूच्याच जोरावर चालते आणि साध्या रस्त्यावर पाट्याला आपलं काम करू देते. मात्र ती बसवणाऱ्याकडून नेमकेपणा मागते. सैल ठेवली तर थडथड राहते, घट्ट ठेवली तर चालणं कडक होतं.

जड डिझेल पिकअपला, उदाहरणार्थ फोर्ड सुपर ड्यूटी किंवा रॅम ३५०० ला, वेगळं औषध लागतं. तिथे ॲक्सलपासून चॅसीपर्यंत, दोन्ही टोकांना फिरते सांधे असलेले चांगले लांब दांडे घालतात. ते दोन्ही दिशांना अडवतात, म्हणून ट्रेलर ओढताना आणि ब्रेक मारताना सारखेच उपयोगी. लांबी इथे गुण आहे. आखूड दांड्याचं टोक छोट्या वर्तुळावर फिरतं, लांब दांड्याचं मोठ्या, त्यामुळे पाट्याच्या वरखाली जाण्याशी त्याची कमी ओढाताण होते. गाडी खरेदी करताना एक पडताळा करा: रॅम १५०० ला २००९ पासून आणि रॅम २५०० ला २०१४ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत. त्यांना या लेखातलं औषध लागू नाही.

दगडधोंड्यांतून जाणाऱ्यांचा मामला आणखी निराळा. त्यांच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी हातभर वरखाली हलावं लागतं. तिथे दोन कडक दांडे घातले तर ॲक्सल जखडतो. म्हणून एकच मजबूत त्रिकोणी दांडा, म्हणजे 'अँटी-रॅप बार', ॲक्सलला पक्का बसवतात आणि त्याचं पुढचं टोक चॅसीला शॅकलने झुलत ठेवतात. टोक वरखाली अडतं, पण पुढेमागे मोकळं असतं. २०२३ पर्यंतच्या टोयोटा टॅकोमा आणि अशाच पिकअपवर असे बार लोक स्वतः वेल्ड करून बसवतात.

'लॅडर बार' आणि 'फोर-लिंक' ही शर्यतीच्या मैदानावरची मंडळी. यांत ॲक्सलची चाल दांडे ठरवतात, पाटा नाही. पाट्यावर बसलेला ॲक्सल पुढच्या डोळ्याभोवती आपल्या कमानीत फिरतो, लॅडर बार आपल्या सांध्याभोवती दुसऱ्या कमानीत. दोन मालकांचा हुकूम एका नोकराला पाळता येत नाही. मग पाट्याखाली सरकणारी बैठक द्यावी लागते किंवा पाटे काढून कॉइल घालावे लागतात. रोज माल भरून फिरणाऱ्या ट्रकसाठी हे औषध नव्हेच.

निवड कशी करावी?

माझी कसोटी एकच आहे. जो बार पाट्याचं चौथं काम काढून घेतो आणि उरलेल्या तिन्हींना धक्का लावत नाही, तो चांगला. या कसोटीवर गाडीचा वापर मांडून पाहा.

रोजची गाडी असेल, अधूनमधून ओल्या उतारावर थडथडत असेल, तर आधी दुरुस्ती, मग पुढच्या भागाला क्लिपा, मग शॉकची एक पुढे, एक मागे अशी मांडणी. बहुतेकांना यापुढे जावं लागत नाही. जड ट्रेलर ओढणाऱ्याने लांब, दोन्ही दिशांचे दांडे घ्यावेत आणि सांध्यात रबरी किंवा पॉलियुरेथेनचे बुश निवडावेत. धातूचा गोलाकार सांधा शर्यतीत शोभतो, रोजच्या गाडीत तो खडखडतो आणि धुळीने लवकर झिजतो. दगडांत जाणाऱ्याने शॅकलवर झुलणारा एकेरी बार घ्यावा. आठवडाअखेर मैदानावर धावणाऱ्याने काल्ट्रॅक पद्धतीचा, आणि पैसे कमी असतील तर नीट बसवलेला स्लॅपर.

गाडी ठोकळ्यांवर उंच केली असेल तर आधी ठोकळे काढून योग्य कमानीचे पाटे बनवून घेता येतील का, हे पाहावं. रोगाचं कारणच गेलं तर औषध कशाला?

बार बसवल्यावर पिनियनचा कोन तपासायला विसरू नका. जोर आला की नाक वर येणारच, म्हणून ते शांत स्थितीत शाफ्टच्या तुलनेत थोडं खाली ठेवतात. शर्यतीच्या गाडीत साध्या पाट्यांवर साधारण पाच ते सात अंश, लॅडर बारवर त्याहून कमी. बार घातल्यावर नाक पूर्वीइतकं वर येत नाही, त्यामुळे जुना कोन तसाच ठेवला तर क्रॉस वाजतो आणि गाडी ठरावीक वेगाला थरथरते. अनेक लोक या थरथरीचा दोष बारला देतात. खरा दोष मोजमाप न करण्याचा असतो.

आपल्याकडचा हिशेब

सह्याद्रीत पावसाळ्यात जिप्सी घेऊन चिखलात उतरणाऱ्यांना हा पीळ चांगला ओळखीचा आहे. तिच्या चारही कोपऱ्यांत पाटे आहेत, आणि मोठे टायर व उंच शॅकल घातले की मागचा ॲक्सल नाक उचलतोच. त्यांच्यासाठी झुलत्या शॅकलचा एकेरी बार योग्य. बोलेरो पिकअपसारख्या मालवाहू गाड्यांना बहुधा बार लागत नाही. त्यांचा टॉर्क मोठ्या अमेरिकन पिकअपच्या मानाने कमी, आणि भरल्या हौद्याने पाटे आधीच ताणलेले असतात. कारखान्याच्या रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधनं घातली आहेत, तेव्हा वेल्डिंग करण्याआधी ते वाचावं.

शेवटी एकच सांगणं. कुठलाही बार नवी पकड देत नाही. पकड टायर आणि जमीन यांच्यामध्येच असते, बार फक्त ती निसटू देत नाही. म्हणून आधी खडू घ्या, मोबाइल घ्या आणि गाडीखाली जा. बार त्यानंतर.